संयोजक बाईची फुकट सीट कुठं गेली?



सोयाबीन घरात आलं, ज्वारीची पेरणी उरकली की आपल्याकडं गावोगाव यात्रेचे बेत सुरू होतात. कुणाला पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर करायचं असतं, कुणाला अष्टविनायक. कुणी म्हणतं, गुडघे धड आहेत तोवर एकदा काशी करून येऊ. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा एकाच बाईकडं वळतात. तिला फोनवर तिकीट काढता येतं, गाडीवाल्याशी दराची घासाघीस करता येते आणि कोणत्या धर्मशाळेत पाणी आहे, कोणत्या नाही, हेही तिला ठाऊक असतं. तिला कुणी एजंट म्हणत नाही, पण ती करते ते काम एजंटाचंच असतं.

आज आपण तिच्याच कामाबद्दल बोलणार आहोत. कारण गेल्या काही महिन्यांत दोन प्रश्न आमच्यापर्यंत पुन्हा पुन्हा आले. एक प्रश्न काम करणारीचा आहे. ती म्हणते, "ताई, पूर्वी चाळीस बाया आणल्या की गाडीवाला माझी सीट फुकट धरायचा. यंदा म्हणाला, आता परवडत नाही. हे बरोबर आहे का?" दुसरा प्रश्न प्रवास करणारीचा आहे. ती म्हणते, "पूर्वी ती आमच्याकडून काही घेत नव्हती, आता वरचे पैसे मागते. आमच्या पैशावर ती पोट भरते की काय?"

हे दोन्ही प्रश्न एकाच दोरीची दोन टोकं आहेत. ती दोरी नीट उलगडली तर दोघींचाही राग निवळेल, असं आम्हाला वाटतं.

सवलत तीन तऱ्हेची असते

'सवलत' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली म्हणजे हक्काची सवलत. ही सरकारच्या आदेशानं मिळते आणि ती प्रवाशाची असते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून लागू झालं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 2022 मध्ये, 75 वर्षांवरच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वयाच्या लोकांना अर्धं तिकीट आहेच. यात एसटीचं जे उत्पन्न बुडतं, ते राज्य सरकारनं महामंडळाला भरून द्यायचं असतं. म्हणून ही सवलत कुणा संयोजकाची, एजंटाची किंवा पुढाऱ्याची मेहेरबानी नाही. कुणी म्हणालं, "माझ्यामुळं तुम्हाला तुळजापूरला अर्ध्या तिकिटात जायला मिळालं," तर हसून सोडून द्या. एक मात्र लक्षात ठेवा. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. उमरग्याहून कर्नाटकात जाणाऱ्या एसटीत बसलात, तर हद्दीच्या पुढचं तिकीट पूर्ण लागतं. तिथं कंडक्टरशी भांडून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कमिशन. कंपनीची तिकिटं विकून दिली, गाडी भरून दिली, त्याबद्दल कंपनीनं काम करणाऱ्याला दिलेले हे पैसे. ही त्याची मजुरीच असते, फक्त ती प्रवाशाकडून न येता कंपनीकडून येते.

तिसरी गोष्ट म्हणजे मानाची भेट. फुकट सीट, धाब्यावरचं फुकट जेवण, लॉजची फुकट खोली, मोठ्या एजंटाला कंपनीच्या खर्चानं एखादी सहल. याची ना पावती असते ना करार. मालकाची मर्जी असेल तोवर मिळतं, मर्जी फिरली की बंद.

आटत चाललंय ते मुख्यतः दुसरं आणि तिसरं. पण त्याचा राग पहिल्या गोष्टीवर किंवा चुकीच्या माणसावर निघतो. याचं एक उदाहरण सांगतो.

रेल्वेत 58 वर्षांवरच्या बायकांना भाड्यात निम्मी सूट होती आणि 60 वर्षांवरच्या पुरुषांना शेकडा 40. करोनाच्या सुरुवातीला, मार्च 2020 मध्ये, ही सूट बंद झाली. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण ती सूट परत आलेली नाही. आजही कितीतरी म्हाताऱ्या माणसांना हे माहीत नाही. आपली एखादी मावशी तिकीट काढून देणाऱ्या पोरीला म्हणते, "मागं काशीला गेले तेव्हा अर्धं तिकीट होतं. आता पूर्ण कसं? मधले पैसे तूच खाल्लेस." ती पोर बिचारी रडवेली होते. रेल्वेत आता अपंग व्यक्ती, काही गंभीर आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती शिल्लक आहेत. नुसत्या वयाची सवलत राहिलेली नाही. हे आज ऐकलंत, तर उद्या गटात चार जणींना सांगा. एका निरपराध पोरीवरचा आळ टळेल.

कमिशन का गेलं?

कमिशन आटण्याची गोष्ट आधी विमानाच्या धंद्यात घडली. तुम्ही म्हणाल, विमानाचं आपल्याला काय? पण तिथं जे घडलं तेच पुढं बसपर्यंत आलं, म्हणून ते थोडक्यात समजून घेऊ.

संगणक घरोघर नव्हते तेव्हा विमान कंपनीला प्रत्येक शहरात कचेरी थाटणं परवडत नव्हतं. गावोगावचे एजंट तिकीट लिहून द्यायचे, पैसे गोळा करायचे, प्रवाशाला समजावून सांगायचे आणि पैसे कंपनीकडं पोचवायचे. त्याबद्दल आपल्या देशात कंपनी एजंटाला तिकिटाच्या शंभर रुपयांमागं नऊ रुपये द्यायची. प्रवाशाला एजंटाचे वेगळे पैसे द्यावे लागत नसत. त्याला वाटायचं, हे काम फुकटच होतं.

अमेरिकेत तेव्हा शंभराला दहा असा दर होता. तिथल्या डेल्टा नावाच्या कंपनीनं फेब्रुवारी 1995 मध्ये जाहीर केलं की देशांतल्या जाण्यायेण्याच्या तिकिटावर, ते कितीही महाग असो, 50 डॉलरच्या वर कमिशन मिळणार नाही. दुसऱ्या कंपन्या तिच्या मागोमाग गेल्या. 2002 साली तिथं हे ठरलेलं कमिशन जवळजवळ संपलंच. आपल्या देशात नवाचे सात झाले, साताचे पाच झाले आणि 2008 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी सांगून टाकलं की आता शून्य. एजंटांच्या संघटनांनी आंदोलनं केली. काही कंपन्यांनी काही काळ थोडंफार दिलंही. पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत.

असं का झालं? कारण एजंटाशिवाय तिकीट विकण्याची सोय झाली. आपल्या रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर मिळायला ऑगस्ट 2002 मध्ये सुरुवात झाली. पुढं ते फोनवर आलं. आज शिकलेली पोरगी शेताच्या बांधावर बसून तिकीट काढते. मग कंपनी म्हणते, गिऱ्हाईक थेट माझ्याकडं येतंय, तर मधल्या माणसाला पैसे कशाला देऊ? गरज सरो, वैद्य मरो, तसं झालं.

पण मैत्रिणींनो, गरज खरंच सरली का? कंपनीची सरली असेल, आपली सरलेली नाही. ज्या मावशीला वाचता येत नाही, जिच्याकडं साधा फोन आहे, जिला वेटिंग म्हणजे काय आणि पक्कं तिकीट म्हणजे काय हे कळत नाही, तिला मदत करणारं माणूस अजून लागतंच. तिकीट काढण्याचं कष्ट कमी झालंय, पण माणसं सांभाळण्याचं कष्ट होतं तेवढंच आहे. फरक एवढाच की पूर्वी त्या कष्टाचे पैसे कंपनी देत होती, आता कुणीच देत नाही.

फुकट सीट कशी यायची आणि का गेली?

आता मानाच्या भेटीकडं वळू. कंपन्या एजंटांना स्वस्तात किंवा फुकटात का फिरवायच्या? त्यामागं प्रेमापेक्षा हिशेब होता.

एक म्हणजे, ज्यानं जागा डोळ्यांनी पाहिली आहे तोच ती दुसऱ्याला सांगू शकतो. दुसरं, रिकाम्या सीटची किंमत शून्य असते. गाडी निघाली आणि सीट रिकामी राहिली, तर ती सीट त्या फेरीपुरती वाया गेली. डिझेल तेवढंच जळतं, ड्रायव्हरचा पगार तेवढाच द्यावा लागतो. मग त्या सीटवर एजंटाला बसवलं तर मालकाचं काही जात नाही, उलट एजंट खूश होऊन पुढच्या खेपेला चाळीस माणसं आणतो. विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या जागतिक संघटनेच्या नियमात मान्यता असलेल्या एजंटाच्या कचेरीला वर्षाला दोन तिकिटं पाव किमतीत देण्याची सोय होती, तीही याच हिशेबानं.

पुढं दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे रिकाम्या सीटा कमी झाल्या. आता संगणक दर तासाला भाव बदलतो. सीट उरतेय असं दिसलं की भाव उतरवून ती विकून टाकतो. जे फुकट वाटायचं होतं त्यालाच गिऱ्हाईक मिळायला लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे काम न करताच एजंट म्हणवणारे वाढले. अमेरिकेत तर पैसे भरून एजंटाचं ओळखपत्र घ्यायचं आणि स्वस्तात फिरायचं, असा धंदाच सुरू झाला होता. त्यामुळं कंपन्या कडक झाल्या. आधी किती तिकिटं विकलीस ते दाखव, आठवड्याला किती तास काम करतोस ते दाखव, मग सवलत. तीही सीट उरली तरच, सणासुदीला नाही, घरच्यांना नाही. काही मोजक्या आळशांमुळं खरं काम करणाऱ्यांच्या मागं कागदांचा ससेमिरा लागला.

यात कराचाही भाग आहे. 1 जुलै 2022 पासून असा नियम आहे की धंद्यातल्या माणसाला वर्षाला 20,000 रुपयांहून जास्त किमतीची भेट किंवा फुकट सहल दिली, तर देणाऱ्यानं त्यावर शेकडा 10 कर कापून सरकारात भरायचा. आपल्या गटातल्या बाईला एवढी भेट कुणी देत नाही. पण यातून सरकारचा विचार समजतो. फुकट सहल हीसुद्धा कमाईच आहे.

आता हेच आपल्या गाडीवाल्याला लावून बघा. पूर्वी त्याची गाडी महिन्यातले कितीतरी दिवस दारात उभी असायची. चाळीस माणसं आणणारी बाई म्हणजे त्याला लक्ष्मी. आता तो सुट्या सीटा फोनवरच्या ॲपवर विकतो. डिझेल, टोल, विमा, हप्ता सगळं वाढलंय. शिवाय बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून जवळच्या प्रवासाला बाया एसटीकडं वळल्या. त्याच्या हातात उरणारे पैसे कमी झाले, तेव्हा त्यानं पहिली कात्री लावली ती फुकट सीटेवर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. गाडीवाल्यानं फुकट सीट बंद केली तर तो कायदा मोडत नाही. ती आपली हक्काची नव्हती, त्याच्या मर्जीची होती. राग मानण्यापेक्षा त्या सीटेच्या जागी काय आणायचं, याचा विचार केलेला बरा.

फुकटाचा खरा हिशेब

इथं आमचीच एक चूक सांगतो. लपवली तर पुढचं बोलणं खोटं ठरेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही 40 बायांची एक यात्रा नेली. आमच्यातल्या दोघी संयोजक होत्या. मुक्कामाच्या गावी एका लॉजवाल्यानं आम्हा दोघींना खोली फुकट दिली. आम्हाला बरं वाटलं, आपला मान ठेवला म्हणून. घरी आल्यावर एका मावशीनं पावती पुढं केली. तिची भाची आदल्याच आठवड्यात तिथं उतरली होती. तिच्यापेक्षा आमच्या प्रत्येक बाईकडून 50 रुपये जादा घेतले होते. 38 बाया, प्रत्येकी 50, म्हणजे 1,900 रुपये. आमच्या खोलीचं भाडं होतं 600. म्हणजे आमची खोली आमच्याच मैत्रिणींनी भरली होती आणि वर 1,300 रुपये लॉजवाल्याच्या खिशात गेले. मावशी काही बोलली नाही. पुढच्या यात्रेला मात्र ती आली नाही, आणि तिच्या गल्लीतल्या सहा जणीही आल्या नाहीत.

त्या दिवशी आम्हाला कळलं की फुकट असं काही नसतंच. पैसे कुणीतरी भरतंच असतं. पुणे–सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग, उमरग्याकडं जाताना किंवा सोलापूर–धाराशिव–बीड रस्त्यावर बघा. चालकाला जेवण फुकट देणारे धाबे आहेत. ते जेवण प्रवाशांच्या ताटांतून वसूल होतं. दर्शनाआधी गाडी साडीच्या दुकानापाशी अर्धा तास थांबते, तीही उगाच नाही.

सगळ्यात मोठा धोका इथंच आहे. उघड मिळणारं कमिशन बंद झालं की छुपा कट वाढतो. आणि छुपा कट घेणारी बाई नकळत दुकानदाराची होते, आपल्या बायांची राहत नाही. कोणतं दुकान चांगलं हे ती बघत नाही, कोणतं दुकान जास्त देतं ते बघते. चार आण्याच्या फायद्यापायी गटाचा विश्वास जातो.

मग करायचं काय?

आमच्या मते वाट एकच आहे. कष्टाचे पैसे उघडपणे मागा आणि उघडपणे द्या.

हिशेब मांडून बघू. समजा 42 सीटांची गाडी आहे आणि तीन दिवसांचं भाडं 63,000 रुपये ठरलं. म्हणजे प्रत्येकीला 1,500. पूर्वी गाडीवाला संयोजक बाईची सीट सोडायचा, म्हणजे तिला 1,500 रुपयांची भेट मिळायची. आता ती गेली. तिच्यापुढं तीन वाटा आहेत. एक, तिनं स्वतःचे 1,500 भरायचे आणि तीन दिवस फुकट राबायचं. असं ती एकदा करेल, फार तर दोनदा, मग काम सोडेल. दोन, दुकानदाराकडून गुपचूप कट घ्यायचा. त्याचं काय होतं ते आत्ताच सांगितलं. तीन, उरलेल्या 41 जणींनी प्रत्येकी 75 रुपये संयोजनाचे म्हणून द्यायचे. ते होतात 3,075. त्यातले 1,500 तिच्या सीटेचे गेले. उरले 1,575.

2025-26 साली आपल्या राज्यात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 312 रुपये होती. म्हणजे 1,575 रुपये ही साधारण पाच दिवसांची मजुरी झाली. तीन दिवस यात्रेत रात्रंदिवस बायांची राखण, त्याआधी गाडी ठरवायला दोन-तीन खेपा, पन्नास फोन, कुणाचं औषध, कुणाची हरवलेली पिशवी. या सगळ्याला पाच दिवसांची मजुरी जास्त आहे का, तुम्हीच सांगा. ही काही आयत्या बिळावरची कमाई नाही.

आणि त्या 75 रुपयांत प्रवास करणारीलाही काहीतरी मिळतं. ज्या बाईला तुम्ही पैसे देता, तिला तुम्ही जाब विचारू शकता. फुकट काम करणारीला बोलायला जीभ रेटत नाही.

रेल्वेचं तिकीट काढून देणाऱ्यांनी हे नीट ऐका

रेल्वेच्या बाबतीत मात्र 'उघड पैसे घ्या' एवढं म्हणून भागत नाही. तिथं कायदा आहे आणि तो कडक आहे.

आपल्या स्वतःच्या नावानं फोनवर जे खातं उघडतो, त्यावरून घरच्यांची, नातेवाइकांची, मैत्रिणींची तिकिटं काढायला हरकत नाही. पण त्याच खात्यावरून पैसे घेऊन तिकिटं विकायचा धंदा केला तर तो गुन्हा आहे. रेल्वे कायदा 1989 चं कलम 143 त्यासाठी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फोनवरच्या तिकिटांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. "मी तर फक्त तीस-चाळीस रुपये घेते," हे म्हणणं तिथं चालत नाही. ज्या मैत्रिणींना हा धंदा करायचा आहे, त्यांनी रेल्वेचा अधिकृत एजंट परवाना घ्यावा किंवा अधिकृत सेवा केंद्रामार्फत काम करावं.

अधिकृत एजंटानं किती घ्यायचं, तेही ठरलेलं आहे. बिगर-वातानुकूलित डब्याच्या तिकिटाला जास्तीत जास्त 20 रुपये आणि एसी डब्याच्या तिकिटाला 40 रुपये, शिवाय त्यावरचा कर. आणि हे पैसे तिकिटामागं आहेत, माणसामागं नाहीत. एका तिकिटावर सहा जणींची नावं बसतात. सहा जणींचं स्लीपरचं एक तिकीट काढलं तर एजंटाचे 20 रुपये, 120 नाहीत. फोनवरून तिकीट काढताना रेल्वेच्या संकेतस्थळाचा स्वतःचा आकार आणि पैसे भरण्याचा आकार वेगळा लागतो. तो एजंटाच्या खिशात जात नाही.

एजंटांच्या सवलती आणि सोयी कशा आक्रसत आहेत, याचं हेही एक उदाहरण आहे. जुलै 2025 पासून तत्काळ तिकिटांची खिडकी उघडली की पहिली 30 मिनिटं एजंटांना तिकीट काढता येत नाही. एसीसाठी सकाळी 10 ते 10.30 आणि बाकीच्या डब्यांसाठी 11 ते 11.30. ती वेळ आधार जोडलेल्या खात्यावरून स्वतः तिकीट काढणाऱ्या प्रवाशांसाठी आहे. तिकिटांचा काळाबाजार थांबावा म्हणून हा नियम केला आहे आणि तो प्रवाशाच्या बाजूचा आहे. पण लहान गावातल्या प्रामाणिक एजंट बाईचं उत्पन्न यानं कमी होतं, हेही खरं. म्हणून कुणी छातीठोकपणे सांगितलं की "जादा पाचशे द्या, पहिल्या मिनिटाला तत्काळ काढून देतो," तर ओळखा की काहीतरी वाकडं आहे.

काशीसारखा लांबचा बेत असेल तर तत्काळवर विसंबूच नका. नेहमीचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होतं. पूर्वी ते 120 दिवस होतं, 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 झालं. सोलापूरहून बसायचं की कुर्डुवाडीहून की लातूरहून, ते आधी ठरवा आणि दोन महिने आधी तिकीट काढा.

गटानं ठरवायच्या चार गोष्टी

आता शेवटी, पुढच्या बैठकीत काय ठरवायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट. यात्रेचा हिशेब एका कागदावर लिहा. गाडीचं भाडं, मुक्काम, जेवण आणि संयोजनाचे पैसे, असे चार वेगळे आकडे. संयोजनाचे पैसे भाड्यात मिसळून लपवू नका.

दुसरी गोष्ट. गाडीवाल्यानं, लॉजवाल्यानं किंवा दुकानदारानं काही फुकट दिलं, तर संयोजक बाईनं ते बैठकीत सांगायचं. घ्यायचंच असेल तर त्याऐवजी सगळ्यांच्या भाड्यात तेवढी सूट मागायची. "माझी सीट नको, प्रत्येकीमागं 30 रुपये कमी करा," असं एकदा म्हणून बघा. कागदावर लिहून घ्या. मर्जीची भेट उद्या बंद होईल, लिहिलेला दर मात्र दाखवता येतो.

तिसरी गोष्ट. रेल्वेचं तिकीट काढायला देताना मोबाईल नंबर आपला किंवा घरातल्या माणसाचा द्या. अधिकृत एजंटाकडून काढलेलं तिकीट रद्द झालं, तर परताव्याचा ओटीपी त्या नंबरवर येतो. परत मिळालेली रक्कम त्यात दिसते. ती पाहून, पैसे हातात आल्यावरच आकडा एजंटाला सांगा. रेल्वेची अडचण आली तर 139 वर फोन करा. पैसे घेऊन ठरलेली सेवा दिली नाही अशी तक्रार असेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

चौथी गोष्ट. जिथं मध्यस्थाची गरज नाही तिथं ती उभी करू नका. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोटला अर्ध्या तिकिटात एसटीनं जाता येतं. पाच-सहा जणी मिळून निघालात तर कुणाला पैसे द्यायची गरज नाही. आमच्यातल्या काही जणींचं यात सीटेमागचं उत्पन्न बुडतं, तरी आम्ही हे सांगतो. कारण जिथं आमची खरी गरज आहे तिथं तुम्ही विश्वासानं यावं, एवढीच आमची इच्छा आहे.

मैत्रिणींनो, कंपनीनं कमिशन बंद केलं, गाडीवाल्यानं फुकट सीट बंद केली, ते आपल्या हातात नव्हतं. पण आपल्यासाठी धावपळ करणाऱ्या बाईच्या कष्टाला काय मोल द्यायचं, हे आपल्या हातात आहे. यंदा यात्रेचा विषय निघाला की तिच्याकडं नुसत्या नजरा वळवू नका. तिला आधी विचारा, "बाई, तुझे किती?" आणि तिनंही खाली मान न घालता आकडा सांगावा.

पुन्हा भेटू. नमस्कार.